संभवाचें माप

सहावी-सातवींतल्या मुलाला ०.५ म्हणजे अर्धा हें ठाऊक असतें. हा अर्धा कशाचा, असें विचारल्यास तें रुपयाचा किंवा मीटरचा म्हणून सांगतें. परंतु जी गोष्ट अद्याप घडलेलीच नाहीं, तिच्या संभवालाहि माप लावतां येतें, ही कल्पना त्याला नवी असते. या मापालाच गणितांत संभाव्यता म्हणतात.

मापाची रीत सोपी आहे. सारख्याच शक्यतेचे जितके प्रकार असतील ती संख्या छेदस्थानीं, आणि त्यांपैकीं इष्ट प्रकारांची संख्या अंशस्थानीं मांडावयाची. नाणें उडविल्यास छापा पडण्याचा संभव १/२, म्हणजे ०.५. फांशाला सहा बाजू. म्हणून सहाचें दान पडण्याचा संभव १/६, म्हणजे सुमारें ०.१६६७. जें घडणारच त्याचा संभव १, जें अशक्य त्याचा ०. अर्थात् सहाचें दान न पडण्याचा संभव १ मधून ०.१६६७ वजा करून ०.८३३३ येतो.

व्यवहारी अपूर्णांक असतां दशांश कशाला, असें मूल विचारील. आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर सतराव्या शतकांतील फ्रान्समध्यें सांपडतें. एक फांसा चार वेळां टाकला असतां निदान एकदां सहा पडेल, अशी पैज लाभाची असते. मग दोन फांसे चोवीस वेळां टाकले असतां निदान एकदां दोहोंवरहि सहा पडतील, ही पैजहि तितकीच लाभाची असावी, असें द मेरे नांवाच्या सरदाराला वाटलें. सहा प्रकारांना चार खेपा, तर छत्तीस प्रकारांना चोवीस, असें हें सरळ त्रैराशिक! परंतु तें चुकीचें ठरलें. या कोड्याचा उल्लेख पास्कालनें १६५४ सालीं फेर्माला लिहिलेल्या पत्रांत आहे.

उकल उलट बाजूनें करावी लागते. चारहि खेपांत सहा न पडण्याचा संभव म्हणजे ५/६ चार वेळां घेऊन केलेला गुणाकार, ६२५/१२९६, अर्थात् ०.४८२३. तो १ मधून वजा केल्यास ०.५१७७ उरतात. दुसऱ्या पैजेंत ३५/३६ चोवीस वेळां घेऊन गुणावा लागतो. त्या अपूर्णांकाचे अंश व छेद प्रत्येकीं अडतीस अंकी होतात. त्यांजकडे नुसतें पाहून कांहींच उमगत नाहीं. दशांशांत मात्र न पडण्याचा संभव ०.५०८६ व पडण्याचा ०.४९१४, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. पहिली पैज अर्ध्याच्या वर, दुसरी खालीं. पहिलींत नफा, दुसरींत तोटा.

मुलाच्या हातीं फांसा देऊन हा हिशेब घरींच ताडून पाहूं द्यावा. थोड्या खेपांत उत्तर जुळेलच असें नाहीं. पुष्कळ खेपांनंतर तें जवळ येऊं लागतें. येथेंच एक मोठा भ्रम टाळावयाचा असतो. तीन वेळां सहा पडला नाहीं म्हणून चौथ्या खेपेस त्याचा संभव वाढत नाहीं, तो ०.१६६७ च राहतो. फांशाला स्मरण नसतें. अनेकदां हरलेला गृहस्थ ‘आतां पाळी माझीच’ म्हणून महिन्याच्या किराण्याचे पैसे सोडतीच्या तिकिटांवर उधळतो. दोन मुलींच्या पाठीवर आतां मुलगाच होणार, असें वडील माणसें सुनेला बजावतात. दोघांच्याहि हिशेबांत चूक एकच, आणि तिची किंमत घरानें किंवा सुनेनें भरावयाची असते. शाळेंतील हा लहानसा धडा ती चूक वेळींच दाखवून देतो.