आक्रोश आणि शांती : फेरो सँडर्सच्या तबकड्या

१९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय टेनर सॅक्सोफोनवादकाने एक रचना ध्वनिमुद्रित केली. ती बत्तीस मिनिटांहून अधिक लांब होती. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर एवढा ऐवज मावणे शक्य नव्हते. म्हणून ती मध्येच तोडण्यात आली. एकोणीस मिनिटे पहिल्या बाजूवर आणि उरलेली साडेतेरा दुसऱ्या बाजूवर. ऐकणाऱ्याने मध्येच उठावे, तबकडी उलटावी, सुई पुन्हा ठेवावी आणि मग उरलेली प्रार्थना ऐकावी, अशी ही व्यवस्था. रचनेचे नाव ‘द क्रिएटर हॅज अ मास्टर प्लॅन’, वादकाचे नाव फेरो सँडर्स आणि तबकडीचे नाव ‘कर्म’.

हे शेवटचे नाव वाचून मराठी वाचक किंचित सावध होईल, आणि ते योग्यच आहे. त्या दशकात अमेरिकेत पौर्वात्य शब्दांची आयात मोठ्या प्रमाणावर झाली आणि त्यातला पुष्कळसा माल उथळ होता. तबकडीवर कर्मसिद्धान्ताचे विवेचन वगैरे काही नाही. जे आहे ते वेगळेच. संथ, घुमणारी एक बासची आकृती पुनःपुन्हा येत राहते. तिच्यावर सॅक्सोफोनचा भरघोस, ऊबदार स्वर पसरतो. लिऑन थॉमस हा गायक शांती आणि सुख यांची याचना करणारे साधे शब्द गातो आणि मधूनच कंठातून विलक्षण घोटीव, उसळते आलाप काढतो. इथवर सारे रमणीय. पण पुढे लय चढू लागते, तालवाद्ये एकमेकांवर आदळू लागतात आणि तोच सॅक्सोफोन किंचाळू लागतो. हा आक्रोश मिनिटा-दोन मिनिटांचा नाही. कानांना नकोसे व्हावे इतका तो टिकतो आणि मग त्याच्या राखेतून पहिली धून परत येते. बदल तिच्यात झालेला नसतो. ती ऐकणारा बदललेला असतो.

सँडर्सच्या तबकड्यांविषयी हल्ली पुन्हा बरेच लिहिले-बोलले जाते. ‘आध्यात्मिक जाझ’ या सदरात त्यांची गणना होते आणि मन निवविणारे संगीत म्हणून त्या ऐकल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु अशा श्रवणात पुष्कळदा आक्रोशाचा भाग गाळला जातो आणि धून तेवढी ठेवली जाते. तबकडीच्या धंद्याने रचना मध्येच तोडली ती नाइलाजाने. आजची अभिरुची ती तोडते ती स्वखुशीने. वस्तुतः सँडर्सच्या संगीतातील शांती ही त्या आक्रोशाची फलश्रुती आहे. ती सुटी काढून घेता येत नाही.

हे असे का, याचे उत्तर काही अंशी त्याच्या जन्मगावात सापडते. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे १३ ऑक्टोबर १९४० रोजी त्याचा जन्म झाला. संगीताचे पहिले धडे चर्चमध्ये, क्लॅरिनेटवर. १९५७ मध्ये याच लिटल रॉकमधील सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावरून दंगल उसळली आणि त्यांच्या रक्षणासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले. सँडर्स त्या वेळी सोळा वर्षांचा होता आणि नदीपलीकडच्या नॉर्थ लिटल रॉकमध्ये केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेत जात होता. बारा वर्षांनंतर, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला वर्षही पुरे झालेले नसताना, हा मनुष्य विश्वकर्त्याची काही योजना आहे असे तबकडीवर सांगतो. ही श्रद्धा स्वस्तात मिळालेली नाही, एवढे तरी ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शाळा संपल्यावर तो कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेला आणि तेथून बासष्टच्या सुमारास न्यूयॉर्कला. तेथे त्याला राहायला घर नव्हते. जिन्याखाली झोपावे, रक्त विकून चार पैसे मिळवावेत, अशा अवस्थेत त्याने दिवस काढले. सन रा या विक्षिप्त पण दिलदार वाद्यवृंदप्रमुखाने त्याला आसरा दिला. मूळच्या ‘फॅरेल’चा ‘फेरो’ झाला तो याच काळात.

१९६५ मध्ये जॉन कोल्ट्रेनने त्याला आपल्याबरोबर घेतले. आदल्याच डिसेंबरात कोल्ट्रेनने ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित केली होती. जाझमधील प्रार्थनेचा तो मानदंड ठरला. असा सिद्ध कलावंत आपल्या शेजारी एका नवख्या, बेबंद वाटणाऱ्या वादकाला उभा करतो याचे अनेकांना आश्चर्य वाटले, काहींना रागही आला. ‘असेन्शन’ आणि ‘मेडिटेशन्स’ या तबकड्या ऐकताना त्या रागाचे कारण कळते. सँडर्स तेथे सूर लावत नाही, सूर फोडतो.

हे फोडणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. सॅक्सोफोनच्या मुखाशी वेताची एक पत्ती असते. तिच्या कंपनातून नाद निघतो. फुंकीचा जोर, ओठांची पकड आणि बोटांची ठेवण विशिष्ट तऱ्हेने बदलली, तर मूळ स्वराबरोबर त्यात दडलेले वरचे उपस्वरही मोकळे होतात आणि एका नळीतून दोन-तीन स्वर एकदम उमटतात. सनईवादकांप्रमाणे गालातली हवा बाहेर लोटता लोटता नाकाने श्वास घेण्याची युक्तीही सँडर्सला साधली होती. त्यामुळे हा कल्लोळ तो न तुटता चालू ठेवू शके. ज्याला काही श्रोते गोंगाट म्हणत ती वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावलेली विद्या होती. योग्य मुखनलिका आणि योग्य पत्ती यांचा त्याचा शोध म्हातारपणापर्यंत संपला नाही.

१७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कोल्ट्रेन गेला. त्याच्या थोडे आधीपासून पुढच्या सहा-सात वर्षांत ‘इंपल्स’ या कंपनीसाठी सँडर्सने ज्या तबकड्या केल्या, त्यांवर त्याची कीर्ती मुख्यतः उभी आहे. नुसती नावे पाहावीत : ‘तौहीद’, ‘ज्युएल्स ऑफ थॉट’, ‘समुन बुकमुन उमयुन’, ‘ब्लॅक युनिटी’. एक शब्द इस्लामच्या एकेश्वरवादाचा, एक वाक्प्रचार कुराणातला; त्यांच्या शेजारी ‘कर्म’ आणि मागे बालपणाच्या चर्चचा घोष. पंडिताला हा सारा गोंधळ वाटेल. परंतु ज्या समाजाचे पूर्वज गुलामगिरीत आपली भाषा आणि आपली दैवते गमावून बसले, त्याने देवाला हाक मारताना हाताशी येईल तो शब्द उचलला, तर त्याला व्याकरण शिकवायला कोणी जाऊ नये.

भारताशी या संगीताचा खरा धागा जुळतो तो कोल्ट्रेनच्या पत्नीमुळे. ॲलिस कोल्ट्रेन स्वामी सच्चिदानंदांच्या सान्निध्यात आली. तिची ‘जर्नी इन सच्चिदानंद’ ही तबकडी मुख्यतः नोव्हेंबर १९७० मध्ये मुद्रित झाली आणि त्यानंतर लवकरच ती भारतयात्रेस निघाली. या तबकडीत तिची हार्प आहे, सेसिल मॅक्बीचा बास आहे, अखंड झंकारणारा तानपुरा आहे आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर सँडर्स आहे. दिवंगत गुरूच्या पत्नीच्या शेजारी बसून तो इतक्या अदबीने वाजवतो, की ‘मेडिटेशन्स’मध्ये गर्जणारा तो हाच का, असा प्रश्न पडावा. तानपुऱ्याने त्याला वेगळे काही शिकवावे लागले नसावे. स्थिर षड्जाभोवती फिरण्याची ओढ ‘कर्म’मध्ये आधीच होती.

‘थेंबी’ ही १९७१ ची तबकडी मात्र मुद्दाम लक्षपूर्वक ऐकावी. तिची सुरुवात ‘ॲस्ट्रल ट्रॅव्हलिंग’ या लॉनी लिस्टन स्मिथच्या रचनेने होते. विजेच्या पियानोवर तरंगणारी ही चीज आज फार लोकप्रिय आहे. तिच्या मागोमाग, त्याच बाजूवर, ‘रेड, ब्लॅक अँड ग्रीन’ सुरू होते. लाल, काळा, हिरवा हे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ऐक्याच्या ध्वजाचे रंग. ही रचना म्हणजे निव्वळ वणवा. पहिली चीज ऐकून सुई उचलणाऱ्याने अर्धा सँडर्सही ऐकलेला नाही.

पुढे वारे बदलले. सत्तरीच्या मध्यावर अशा लांबलचक, खडतर संगीताला मोठ्या कंपन्यांकडे आश्रय उरला नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्क शहराबाहेरच्या एका लहानशा जागी ‘इंडिया नेव्हिगेशन’ या छोट्या संस्थेसाठी त्याने ‘फेरो’ ही तबकडी मुद्रित केली. (संस्थेच्या नावापलीकडे तिचा भारताशी संबंध नाही.) १९७७ मध्ये ती बाहेर आली. पहिली संपूर्ण बाजू ‘हार्व्हेस्ट टाइम’ या एकाच रचनेची : गिटारच्या दोन स्वरसंगतींचे वीस मिनिटांचे हेलकावे, सँडर्सच्या तत्कालीन पत्नीची हार्मोनियम आणि क्वचित, जपून उच्चारलेला सॅक्सोफोन. येथे आक्रोश नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तबकडी उलटली, की ‘लव्ह विल फाइंड अ वे’मध्ये तो गिटारसह उफाळून येतो. सँडर्सला स्वतःला ही तबकडी फारशी समाधानकारक वाटली नाही. ती बाजारातून दिसेनाशी झाली, तिच्या चोरट्या प्रती निघाल्या आणि अस्सल प्रतींसाठी संग्राहक भारी किंमत मोजू लागले. या व्यवहाराने वादकाचा खिसा भरत नाही, हे सांगायला नकोच. रीतसर पुनःप्रकाशन झाले ते २०२३ मध्ये. सँडर्स आदल्याच वर्षी, २४ सप्टेंबर २०२२ रोजी, लॉस एंजेलिस येथे निवर्तला होता.

त्यापूर्वी एक अनपेक्षित घटना घडली. इंग्लंडमधील सॅम शेफर्ड या, ‘फ्लोटिंग पॉइंट्स’ नावाने संगीत करणाऱ्या, तरुण संगीतकाराने त्याच्यासाठी एक रचना योजली. २०१९ मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या सँडर्सने आपला भाग लॉस एंजेलिसमध्ये वाजवला. पुढच्या वर्षी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्ये त्यात मिळवली गेली आणि मार्च २०२१ मध्ये ‘प्रॉमिसेस’ प्रसिद्ध झाली. नऊ भागांची, पाऊण तासाची ही सलग रचना काही मोजक्या स्वरांच्या एका छोट्या आकृतीभोवती फिरते. सँडर्सचा श्वास आता तोकडा आहे. पत्तीवरची हवेची सळसळसुद्धा ऐकू येते. एके ठिकाणी तो वाद्य बाजूला ठेवून नुसताच पुटपुटतो, गुणगुणतो. जुना आक्रोशही क्षणभर डोके वर काढतो. थकलेला, पण खोटा नव्हे.

आयुष्याच्या अखेरीस एका मुलाखतीत सँडर्सने सांगितले होते, की आपण तबकड्या फारशा ऐकत नाही. पाण्याच्या लाटा, येणारी आगगाडी, उड्डाण घेणारे विमान यांचे आवाज ऐकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंदिरात ‘प्रॉमिसेस’ पहिल्यांदा श्रोत्यांसमोर सादर झाली, तेव्हा सॅक्सोफोन हाती घेऊन शबाका हचिंग्ज हा वादक त्याच्या जागी उभा होता.