मुलांचे पुस्तक कोण निवडते? : दोन शतकांचा मागोवा

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हे आईवडिलांनी ठरवायचे असते असे आज गृहीत धरले जात असले, तरी मराठी छापील बालवाङ्मयाच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात ही निवड बराच काळ पालकांच्या वतीने इतर कोणीतरी करीत आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अधिकार शाळेसाठी पुस्तके सिद्ध करणाऱ्या मंडळींकडे होता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची १८२८ मधील ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही भाषांतरित पुस्तके याच व्यवस्थेतून आली आणि गोष्टीच्या शेवटी काढलेले तात्पर्य, म्हणजेच बोध, हाच चांगल्या पुस्तकाचा निकष ठरला.

पुढच्या टप्प्यात निवडीचे काम नियतकालिकांच्या संपादकांकडे गेले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकाने चरित्रे, कविता आणि शास्त्रीय माहिती घरोघर पोहोचवली, तर वासुदेव गोविंद आपटे यांच्या १९०६ पासूनच्या ‘आनंद’ने उपदेशाच्या जोडीला रंजनालाही मानाचे स्थान दिले. मासिकाची वर्गणी भरणारा पालक एकेका मजकुराची पारख करीत नसे. तो एकदाच संपादकावर विश्वास टाकी आणि वर्षभर निश्चिंत राही. भा. रा. भागवत यांचे ‘बालमित्र’ आणि १९७१ पासून ‘बालभारती’ म्हणजे राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ प्रसिद्ध करीत असलेले ‘किशोर’ या मासिकांनी हीच परंपरा पुढे नेली.

स्वातंत्र्यानंतर पुस्तक पाहून, चाळून निवडण्याची सोय हळूहळू वाढली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने पुढे नेहरू बाल पुस्तकालय या मालेतून अनेक भारतीय भाषांत स्वस्त सचित्र पुस्तके आणली. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठीत आणलेली सोव्हिएत पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून अल्प किमतीत मिळू लागली. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे सार्वजनिक वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. सोव्हिएत पुस्तकांमुळे मध्यमवर्गीय पालकांना चित्रांच्या दर्जाची जाण आली. मात्र सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तो ओघ आटला आणि प्रदर्शनांतील टेबलांवर इसापनीती, पंचतंत्र व अकबर-बिरबलाच्या बारीक पुस्तिकांचे सवलतीतील संच मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. त्यांत अनेकदा चित्रकाराचे नावही नसे, आणि खरेदी पुस्तकाच्या गुणावर होण्याऐवजी संचाच्या किमतीवर होई.

या प्रवाहाला छेद देणारा विचार त्याआधीच, १९८० नंतर, पुण्यातील बालभवन हे मुलांचे केंद्र आणि ‘पालकनीती’ मासिक यांच्या भोवती आकाराला आला. मूल हे संस्काराचे पात्र नसून स्वतंत्र वाचक आहे, या भूमिकेमुळे ‘पुस्तकातून काय शिकवायचे’ या प्रश्नाची जागा ‘मूल पुस्तक कसे वाचते’ या प्रश्नाने घेतली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी, तसेच ‘वाचू आनंदे’ या संकलनाने, या भूमिकेला प्रत्यक्ष साहित्याचे बळ दिले. यातूनच चित्रपुस्तक, म्हणजे ज्यात चित्र मजकुराची सजावट न करता कथेचा काही भाग स्वतः सांगते असे पुस्तक, ही संकल्पना मराठी पालकांच्या परिचयाची झाली. २०१६ मध्ये पुरंदरे यांना लाभलेल्या बिग लिटल बुक पुरस्काराने या कामाची देशपातळीवर नोंद घेतली.

२००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेची स्वस्त पुस्तके आणि २०१५ पासूनचा तिचा ‘स्टोरीवीव्हर’ हा खुला संग्रह यांमुळे टंचाईचा प्रश्न काहीसा मागे पडून विपुलतेचा प्रश्न पुढे आला. स्टोरीवीव्हरवर वाचनपातळीनुसार, म्हणजे वाक्यांची लांबी व शब्दांची काठिण्यपातळी पाहून, पुस्तकांची वर्गवारी केलेली असते. तिचा उपयोग होतो, परंतु गोष्टीत जीव आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. पुस्तक मोठ्याने वाचले असता भाषा जिभेवर अडखळते का, चित्रात मजकुराबाहेरचे काही सापडते का, अनुवाद असल्यास मराठी वाक्य मराठीसारखे चालते का आणि मूल तेच पुस्तक पुन्हा मागते का, या कसोट्यांना वयोगटाच्या शिक्क्याहून अधिक महत्त्व द्यावे लागते.

या दोन शतकांत शालेय पुस्तके सिद्ध करणारी मंडळी, मग संपादक असे मध्यस्थ बदलत गेले, तरी मुलांना बरोबर घेऊन स्वतः वाचणाऱ्या मध्यस्थाचीच निवड टिकली. आजच्या पालकांना हे काम इतरांवर सोपवता येण्याजोगे राहिलेले नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी पुस्तक स्वतः पूर्ण वाचावे, वाचनालयात मुलाला स्वतःच्या हाताने पुस्तक निवडू द्यावे आणि त्याने नापसंत केलेले पुस्तक विनातक्रार परत ठेवू द्यावे.