बोरन्हाण : आजीच्या परातीतला सेन्सरी प्ले!

‘सेन्सरी प्ले’ म्हटलं की आपल्यासारख्या नोकरदार आई-बाबांच्या डोळ्यांसमोर आधी ऑनलाइन शॉपिंगची कार्ट येते. रंगीत तांदूळ, लाकडी ट्रे, जेलचे मणी... (हे मणी तर घरात आणूच नका. गिळले तर पोटात पाणी शोषून फुगतात.) पण बॉस, हातांनी चिवडायचं, हुंगायचं, आवाज ऐकायचा हा फंडा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेच. नाव फक्त वेगळं, बोरन्हाण!

माझं सासर म्हसावद. नंदुरबार जिल्ह्यातला शहादा तालुका, सातपुड्याचा पायथा. संक्रांतीला आम्ही दीड वर्षाच्या पिल्लाला घेऊन तिथे पोचलो, तेव्हा सासूबाईंचा प्लॅन तयार होता. काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि गल्लीतली सगळी पोरंटोरं. मला मात्र दोन टेन्शन्स होती. एक म्हणजे आमचं पिल्लू मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही आणि अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरतं. दुसरं त्याहून मोठं. बोरं, शेंगदाणे, हलवा, रेवड्या हे सगळं नेमकं घशात अडकणारं!

‘‘अगं, आमची पोरं अशीच मोठी झाली,’’ सासूबाई म्हणाल्या. खरंय. पण चार वर्षांच्या आतल्या मुलांना कडक गोळ्या आणि अख्खे दाणे देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेही खरंय. मग आम्ही तोडगा काढला. सकाळी फक्त पिल्लाची परात, संध्याकाळी गल्लीचं बोरन्हाण.

काय लागेल?

जुनी सतरंजी, मोठी परात, दोन वाट्या, एक डाव. परातीत चुरमुरे, सालासकट उसाचं लांब पेर, मोठी ॲपल बोरं आणि हरभऱ्याची जुडी. जुडी आधी स्वच्छ धुवा. पानांवरची आंब बोटांना लागते आणि तेच हात डोळ्यांत गेले तर चुरचुरतं. घाटे काढून ठेवा, नुसता पाला द्या.

कसं मांडाल?

परात जमिनीवर ठेवा आणि गप्प बसा! ‘हे कर, ते कर’ नको. आमच्या पिल्लाने आधी एका बोटाने चुरमुरे दाबले. कुर्रकन आवाज आला तसा हात मागे. मग दुसरं बोट, मग मूठ. सासूबाईंनी डावाने वाटीत चुरमुरे ओतले, त्याने लगेच ते पालथे केले. वीस मिनिटं मोबाइलची आठवणही नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं होतं, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. सांगणं सोपं असतं, पण हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं ना!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले असंच भोवतालचं साहित्य वापरलं होतं. बोर्डीतलं काम तर १९४५ चं. म्हणजे आपण काही नवीन करत नाही आहोत.

इथे नो कॉम्प्रमाइज!

सव्वा इंचाच्या नळीतून जाईल अशी कडक वस्तू परातीत नको. टिश्यू रोलची नळी त्याहून थोडी मोठी असते, तिनेच तपासा. मूल बसलेलं हवं, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोन बाजूला ठेवून. चुरमुरे तोंडात कोंबायला लागलं की परात उचला.

संध्याकाळी पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर होतं. त्यांनी डोक्यावर फक्त ओंजळभर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या सोडल्या. बोरं, रेवड्या, उसाचे करवे मोठ्या पोरांना पिशव्यांतून वाटले. हलव्याचे दागिने फोटोपुरते, लगेच उतरवले. लूट झाली, रडारड झाली नाही. ‘‘पुढच्या वर्षीही सकाळची परात मीच मांडणार,’’ सासूबाईंनी जाहीर करून टाकलं.

तेव्हा यंदा ट्रेची ऑर्डर कॅन्सल करा, मंडईत एक चक्कर मारा. आणि शक्य असेल तर परात आजीलाच मांडू द्या. तिच्याइतका निवांत वेळ आपल्या कुणाच्याच कॅलेंडरमध्ये नाही!