हात आमचे, नाव कुणाचे?

२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यातील मॉडेलांच्या पायांत जे पायताण होते, ते कोल्हापूरकडच्या कोणाही माणसाने लांबूनच ओळखले असते. कंपनीने मात्र त्याला नुसते चामड्याचे सँडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात ओरड झाली तेव्हा कुठे कंपनीने पत्र लिहून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले.

या ओरडीत 'महाराष्ट्राची अस्मिता', 'कोल्हापूरची शान' हे शब्द पुष्कळ ऐकू आले. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणारा ढोर समाज, ते कापून चप्पल बांधणारा चर्मकार समाज आणि घरात बसून वेणी विणणाऱ्या त्यांच्या बायका यांचे नाव घेताना अनेकांची जीभ अडखळली. चप्पल अभिमानाची आणि ती करणारा मात्र विटाळाचा, हा कुठला न्याय? प्राडाने जे एका प्रदर्शनात केले, ते आपल्या समाजव्यवस्थेने शेकडो वर्षे केले आहे. वस्तू घेतली, माणूस वगळला.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. हे मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जुलै २०२५ मध्ये प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये या महामंडळांशी प्राडाचा करार झाला. सुमारे २००० जोड येथे बनवून जगभर विकायचे, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. करार झाला हे चांगलेच झाले. पण त्या ८०० युरोंपैकी किती पैसे बांधणाऱ्याच्या हातात पडणार आणि पेटीवर त्याचे नाव असणार की नाही, हे विचारणे आपले काम आहे.

आपल्याकडे कला आणि कारागिरी अशी जी विभागणी केली जाते, तिच्या मुळाशी जात आहे. डोक्याने काम करतो तो कलावंत, हाताने करतो तो कारागीर. कलावंत चित्राखाली सही करतो, कारागिराला सहीचा अधिकार नाही. ही भिंत आज काही कलावंत पाडत आहेत, आणि तीही कष्टकरी जातींच्या वाट्याला आलेल्या वस्तू हाती घेऊनच.

मुंबईचे सुधीर राजभर यांचेच पाहा. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत वाढविण्यात आला आणि धारावीतील अनेक चर्मकारांचे काम बसले. राजभर यांनी त्यांनाच सोबत घेऊन जुन्या रबरापासून पिशव्या बनविण्यास सुरुवात केली आणि उद्योगाला नाव दिले 'चमार'. ज्या शब्दाने अपमान करणे हा गुन्हा ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले, तोच शब्द त्यांनी दुकानाच्या पाटीवर लावला. डिसेंबर २०२४ मध्ये या स्टुडिओच्या खुर्च्या अमेरिकेतील मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात मांडल्या गेल्या. शिवी देणाऱ्याने आता तोच शब्द बिलावर वाचायचा आहे!

कोल्हापूर जिल्ह्यातील प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांची उतरंड रचून शिल्पे केली. उतरंडीत प्रत्येक मडके वरच्याचा भार वाहते आणि खालच्यावर भार टाकते. 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती, तिची आठवण ही मडकी पाहताना होते. पुण्याच्या राज्यश्री गुडी माती आणि कागदाच्या लगद्यातून अन्न आणि पाणी यांची जात दाखवितात. २०१७ सालच्या एका कलाकृतीत त्यांनी १०८ पेले मांडून पाण्याची जात कोणती, असा प्रश्न विचारला. महाडच्या चवदार तळ्यातले पाणी 'शुद्ध' करण्यासाठी सनातन्यांनी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या होत्या, त्याचाच हा जाब होता. केरळचे साजन मणी हे रबराच्या झाडाचा चीक काढणाऱ्या कष्टकरी कुटुंबातले. ते रबराच्या ताव्यांवरच अक्षरे आणि चेहरे उमटवितात. २०२१ साली त्यांना बर्लिन आर्ट प्राइझ मिळाले.

इथे एक प्रश्न आपल्यातूनच विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला घाणीची, हलकी ठरवलेली, लादलेली कामे सोडायला सांगितली. मेलेली ढोरे ओढणे बंद करा, शिका, गाव सोडा, हा त्यांचा आदेश होता. मग चामडे, मडके, रबर यांचा गौरव करणे म्हणजे पुन्हा जातीच्या धंद्यात परतणे नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्याच विचारात आहे. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ साली 'जातिसंहारा'च्या भाषणात मांडले. त्यांचा आक्षेप कातड्याला नव्हता. जन्माने लादलेल्या सक्तीला, त्या कामाशी चिकटवलेल्या विटाळाला आणि मोबदला नाकारण्याला होता. ही सक्ती संपलेली नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारझोड झाली. काम केले तर मार आणि नाही केले तर उपाशी, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला 'वारसा जपा' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून कसोटी सोपी ठेवावी. चर्मकाराच्या मुलाला डॉक्टर होण्याची वाट मोकळी आहे काय? ब्राह्मणाचा मुलगा कातडे कमवायला बसला तर त्याच्या घरचे मिठाई वाटतील काय? आणि वस्तू विकली गेल्यावर नफ्यात, नावात, मालकीत करणाऱ्याचा वाटा आहे काय? या तिन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर येईल तेव्हाच ती कला मुक्त झाली असे म्हणता येईल. तोवर कारागिराचे कौतुक हे दुकानदाराच्या जाहिरातीपुरतेच राहील.

आपल्या हातात काही गोष्टी आजच आहेत. मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागिराने वैयक्तिक नोंदणी करून घ्यावी. महामंडळांनी मोठ्या कंपन्यांशी केलेल्या करारातील मजुरीचे दर मराठीत व कन्नडमध्ये जाहीर करावेत, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. चित्रकला महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बापाच्या रापीची, आजीच्या सुपाची लाज न बाळगता त्यांतून नवे घडवावे आणि त्याखाली स्वतःचे नाव ठळकपणे लिहावे. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या लाखो चपलांवर एकाचीही सही नाही. पुढच्या जोडावर ती असली पाहिजे.