मोगॅम्बोचा कोट कोणी शिवला?

राजगडाच्या पायथ्याच्या पालीत सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. पाली दरवाजाने गड चढायला आलेली मंडळी जाता जाता घरांचे, गोठ्यांचे, अंगणातल्या हंड्या-कळशांचेही फोटो काढतात. यात काढण्यासारखे काय आहे, हे आमच्या मुलांना काही केल्या कळत नाही. रोजची वस्तू कधी आणि का पाहण्याजोगी होते, हा प्रश्न वर्गात वारंवार निघू लागला. म्हणून या वर्षी सहल गडकोटांना न नेता मुंबईच्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयाला न्यायची, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले.

काही पालक बिचकले. सिनेमा पाहावा की नाही यावर आपल्या घरांत मतभेद आहेत, आणि त्या वादात आम्ही इथे पडत नाही. वेल्ह्यात शिलाईचे दुकान चालवणाऱ्या एका पालकांनी मात्र एकच गोष्ट विचारली, "थिएटर नाही ना? म्युझियम आहे ना? मग न्या." त्यांची मुलगी सातवीत आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

संग्रहालय पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात आहे. १९ जानेवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आवारात दोन इमारती आहेत. एक नवी, चार स्तरांची. दुसरी एकोणिसाव्या शतकातला जुना बंगला, त्याचे नाव गुलशन महल. हे नाव ऐकून आमच्या मुलांच्या चेहऱ्यावर आलेली ओळखीची खूण आम्ही टिपली. मूकपटांपासून पुढचा इतिहास, जुने कॅमेरे, पोस्टर्स, सारे पाहण्यासारखे आहे. नव्या इमारतीतल्या मुलांच्या स्टुडिओत तर कॅमेरा आणि प्रकाशाचे खेळ हाताळता येतात. तिथून मुलांना बाहेर काढताना आमचा घसा बसला.

पण सर्वांत जास्त वेळ गेला तो काचेमागच्या कपड्यांपाशी. तमिळ नट एम. जी. रामचंद्रन यांनी 'अडिमै पेण्ण' (१९६९) या चित्रपटात घातलेले चिलखत तिथे आहे. शिवाजी गणेशन यांचा 'वीरपांडिय कट्टबोम्मन'मधला (१९५९) लाल कोटही आहे. हेच रामचंद्रन १९६३ च्या 'कलै अरसी'त होते. त्या चित्रपटात परग्रहावरचे लोक एका गायिकेला पळवून नेतात. भारतीय पडद्यावर परग्रहवासी आले ते इतक्या लवकर! दारासिंग 'चाँद पर चढाई' करून आला तो १९६७ मध्ये.

शिंप्याची मुलगी त्या चिलखतासमोरून हलेना. आम्हाला वाटले, तिला नटाचे कौतुक. तर ती म्हणाली, "सर, हे अंगावर चढवायचे कुठून? बंद मागे असणार." बाकीची मुले राजाचा पोशाख पाहत होती, ती शिलाई पाहत होती.

मग अपेक्षित प्रश्न आला. "जादूचा ड्रेस कुठाय?" 'कोई मिल गया' २००३ चा, म्हणजे या मुलांच्या जन्माआधीचा; पण टीव्हीच्या कृपेने तो निळा, उन्हावर जगणारा पाहुणा प्रत्येकाच्या ओळखीचा. आम्हाला तो पोशाख काही तिथे दिसला नाही. मुले हिरमुसली, म्हणून परतीच्या बसमध्ये आम्ही त्याची गोष्ट सांगितली. जादू संगणकावर काढलेला नव्हता. तो ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कोल्मर यांनी बनवलेला अंगभर पोशाख होता आणि त्याच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे ठेंगणे कलावंत होते. मागच्या बाकावरून लगेच पुढचा प्रश्न आला, "आत उकडत नसेल?"

दुसरे उदाहरण घरचेच आहे. 'मिस्टर इंडिया' १९८७ मध्ये आला. सलीम-जावेद जोडीची कथा-पटकथा, बाबा आझमींचा कॅमेरा आणि माणूस गायब करण्याची करामत पीटर परेरांची. आजच्यासारखा संगणक तेव्हा हाताशी नव्हता. जे काही करायचे ते कॅमेरा, प्रकाश आणि तारा-दोऱ्यांच्या हिकमतीने. आणि मोगॅम्बोचा तो भरजरी कोट? तो शिवला माधव अगस्ती यांनी. हे नागपूरकडचे मराठी शिंपी मुंबईत आले आणि त्यांनी नटांचे व पुढाऱ्यांचेही कपडे शिवले. अमरीश पुरींचे डोळे आणि आवाज सगळ्यांना आठवतात, पण अंगावर तो कोट नसता तर निम्मी दहशत कमी झाली असती, असे आमचे मत आहे. बसमध्ये हे ऐकून सातवीतली ती मुलगी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "म्हणजे शिंप्याचे नावपण लोकांना माहीत असते?" आम्ही हो म्हणालो. पण खरे सांगायचे तर फार थोड्यांचे.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात परदेशातल्या संग्रहालयांची चित्रे दाखवली. अमेरिकेत वॉशिंग्टनला विमान आणि अंतराळविद्येचे मोठे संग्रहालय आहे. तिथे खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या संगतीत एक असे यान ठेवले आहे, जे कधी उडालेच नाही. ते 'स्टार ट्रेक' या १९६६ ते १९६९ च्या टीव्ही मालिकेतले 'एंटरप्राइज'. सुमारे ११ फूट लांब. लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकचे. १९७४ मध्ये ते संग्रहालयाला मिळाले आणि २०१६ मध्ये त्याची पुन्हा डागडुजी झाली. गंमत अशी, की त्याची एकच बाजू नीट पूर्ण केलेली आहे. दुसऱ्या बाजूने दिव्यांच्या वायरी आत जात असत; ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायचीच नव्हती. संग्रहालयाने ते लपवलेले नाही. आम्हाला हे फार आवडले. खोटे यान खऱ्या प्रामाणिकपणे ठेवले आहे.

त्याच शहरातल्या दुसऱ्या संग्रहालयात 'स्टार वॉर्स'चे दोन यंत्रमानव आहेत, सोनेरी सी-थ्रीपीओ आणि डब्यासारखा आर-टू-डी-टू. सोनेरी पोशाखात अँथनी डॅनियल्स आणि डब्यात केनी बेकर बसत. याच चित्रपटातली प्रकाशाची तलवार जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती. पुढे तसली एक तलवार २००७ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून खरोखर अंतराळात जाऊन आली! आमच्याकडे असा दांडा मिळाला असता तर भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेला असता.

यंत्रमानव म्हटले की आम्हाला अल-जझरींची आठवण होते. दियारबकीरच्या दरबारातले हे कारागीर-अभियंते. १२०६ मध्ये त्यांनी यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात हात धुण्यासाठी मोराच्या आकाराचे यंत्र आहे. पाणी वाहू लागले की छोट्या सेवकाची बाहुली बाहेर येऊन साबण पुढे करते, मग दुसरी रुमाल देते. भाग कसा कापायचा, कुठे बसवायचा, हेही त्यांनी चित्रांसह लिहून ठेवले. म्हणून आठशे वर्षांनंतरही ती यंत्रे पुन्हा बनवता येतात.

'स्टार वॉर्स'ची एक बाजू मात्र आपल्या वाचकांना वेगळी वाटेल. चित्रपटातला नायक ज्या वाळवंटी ग्रहावर वाढतो, त्याचे चित्रीकरण १९७६ मध्ये ट्युनिशियात झाले. ग्रहाचे 'टॅटुइन' हे नावच तिथल्या ततावीन शहराच्या नावावरून घेतले. नायकाचे जमिनीखालचे घर म्हणजे मत्माता गावातले सिदी द्रीस हॉटेल. बर्बर मुसलमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे उन्हापासून बचावासाठी अशीच जमीन खोदून केलेली असतात. हॉटेलात आजही पाहुणे येतात. १९९९ च्या चित्रपटासाठी तोझरच्या वाळवंटात उभारलेले शहरही पर्यटक पाहायला जातात. चित्रपटातल्या वृद्ध योद्ध्याचा टोपीवाला झगा पाहा. तो उत्तर आफ्रिकेतल्या बुर्नूसच्या जवळचा आहे.

यावर वर्गात बराच वेळ गेला. कोणी म्हणाले, आपल्या लोकांचे गाव जगप्रसिद्ध झाले, छान झाले. एकाने विचारले, "पण तिथे राहणाऱ्यांना त्यांनी परग्रहावरचे केले ना?" दोन्ही खरे आहे. अमेरिकी कॅमेऱ्याला जे दुसऱ्या जगातले वाटले ते कोणाच्या तरी आजीचे घर होते. मात्र त्याच चित्रपटामुळे लोक तिथे जातात आणि त्या घरांची राखण होते, हेही नाकारता येत नाही. पालीच्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. आपल्या अंगणाचे फोटो काढणारे लोक त्यांनी पाहिलेले आहेत.

आपल्याकडे राखणच कमी पडते. चित्रीकरण संपले की सेट मोडतो, लाकूड दुसऱ्या सेटला जाते, कपडे उसवून पुन्हा शिवले जातात. पोटाच्या धंद्यात ते समजण्यासारखे आहे. पण चित्रपटसुद्धा हरवले. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. झुबेदा नायिका, मास्टर विठ्ठल नायक. आज त्याची एकही प्रत नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर फार उशीर झाला होता.

पुण्यातली ही संस्था चित्रपट सांभाळते. मुंबईच्या संग्रहालयात कपडे-वस्तू पाहायला मिळतात (सोमवारी ते बंद असते, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे). पण जरीकाम करणारे, शिवणारे, सेटचे सुतार, रंगारी, पोस्टर रंगवणारे हात कोणाचे होते, याची नोंद घरांतच सापडेल. त्यात आपल्या समाजाची माणसे थोडी नव्हती. या मासिकाच्या कितीतरी वाचकांचे आजोबा, चाचा, मामू मुंबईच्या स्टुडिओंत राबले असतील. घरात एखादा जुना फोटो, मापाची वही किंवा नक्षीचा कागदी खाका असेल तर तो रद्दीत देऊ नका. मोठ्या माणसांना विचारून त्याच्या मागे नाव, काम आणि साल लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई कागदातून पुढच्या बाजूला उतरते.