कामाची हमी आणि तिचा खर्च

कोपरगाव तालुक्यातून गोदावरी वाहते. नांदूरमध्यमेश्वरापासून निघालेल्या पाटांनी येथील पुष्कळ जमीन भिजते, ऊस पिकतो आणि साखरेचे कारखाने चालतात. हंगामात ऊस तोडावयास दूरच्या कोरडवाहू मुलखातून मजूर येतात. हंगाम सरला म्हणजे ते आपल्या गावी परततात. तेथे विहिरी आटलेल्या आणि शेते उन्हाने तापलेली असतात. पाऊस पडेपर्यंत या धडधाकट माणसांनी खावे काय?

या प्रश्नाचे जे उत्तर महाराष्ट्राने शोधले, ते रोजगार हमी योजना होय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, या कल्पनेचा प्रयोग केला. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात लक्षावधी माणसे सरकारी कामांवर जगली. १९७७ साली हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

दुष्काळी कामे सरकारच्या मर्जीने निघत व मर्जीने बंद होत. या कायद्याने मात्र ग्रामीण भागातील प्रौढ माणसास अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यावा, असे ठरले. तो दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नाममात्रच होता; परंतु त्यामुळे सरकार बांधले गेले. कोण गरजू, हे ठरविण्यास दाखल्यांची उठाठेव नको. उन्हात कुदळ चालवावयास जो येईल तो गरजूच. स्त्रीपुरुषांस दर एकच असल्याने स्त्रिया फार मोठ्या संख्येने कामावर आल्या. त्यांच्या हातून बंधारे, पाझर तलाव व रस्ते झाले.

पैसा आला कोठून? १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. त्यात पाटाखालील बागाईत जमिनींवरील विशेष आकारणी व इतर काही करांची भर पडली. आणि जितके जमेल तितकेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावे, असा दंडक होता. म्हणजे पगारपत्रकात शहरी गृहस्थ जी लहानशी वजावट कपाळास आठी घालून वाचतो, तिच्यामागे कोरडवाहू गावातील चुलीचा इतिहास आहे. ज्याला पाणी मिळाले व ज्याला पगार मिळाला, त्याने ज्याला यांतले काहीच मिळाले नाही त्याच्या श्रमाचे मोल द्यावे, हे यातील सूत्र.

२००५ साली केंद्राने दर ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी कायद्याने दिली, तिला महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला. उणिवाही राहिल्या. मोजमाप लांबले की मजुरी लांबते, आणि ज्याच्या घरी आठवड्याचेच धान्य आहे त्याला महिन्याने मिळालेला पैसा वाण्याच्या उधारीतच जातो. म्हणून काम मिळणे ही हमीची अर्धी बाजू. घामाचा दाम वेळेवर मिळणे ही उरलेली अर्धी. ती पुरी होईल तेव्हाच या मदतीस दान न म्हणता हक्क म्हणता येईल.