दीडशेचा आकडा

२०१९च्या नोव्हेंबरात माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. मी मुलुंडची, आरोग्य विम्याची एजंट. निम्मे ग्राहक भांडुपचे. दीड महिन्यापूर्वीच पीएमसी बँकेवर निर्बंध आले होते, सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. त्यात ही बातमी: ‘इर्डाई’ने, म्हणजे विमा नियामकाने, रिलायन्स हेल्थ इन्शुरन्सची नवी विक्री बंद केली.

“ताई, माझापण विमा बुडाला का गं?” भांडुपच्या एक काकू. त्यांची पॉलिसी त्या कंपनीची नव्हतीच!

कंपनी जेमतेम वर्षाची, ऑक्टोबर २०१८ची. सॉल्व्हन्सीचं प्रमाण किमान १५० टक्के लागतं. तिचं जूनअखेर १०६, ऑगस्टअखेर ७७, सप्टेंबरअखेर ६३.

या ६३चा अर्थ आमच्यातले मुरलेले एजंटही चुकीचा सांगत होते. शंभराच्या क्लेमला त्रेसष्टच रुपये उरलेत, असं नव्हे. येऊ घातलेले क्लेम आणि बाकी देणी बाजूला काढल्यावर जी गंगाजळी उरते, तिचा हा हिशेब. नियमाने ती शंभर रुपये हवी असेल, तर इर्डाई दीडशे मागते. इथे त्रेसष्ट होते. म्हणजे कागदोपत्री तरी देण्यांपुरतं अजून होतं. आटत होती ती गंगाजळी.

म्हणूनच ती पुरती आटण्याआधी वेळ साधणं महत्त्वाचं. बँक बुडाली तर ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, तेव्हा एक लाखापर्यंत होतं. विमा कंपनी बुडाली तर आपल्याकडे तसा निधी नाही. शिवाय मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार? दिली तरी जुन्या आजारासाठी पुन्हा वेटिंग पिरियड. प्रीमियम परत मिळून त्याचं भागत नाही, पॉलिसी चालू राहावी लागते.

इर्डाईने आधी महिन्याची मुदत दिली, मग कारणे दाखवा नोटीस, सुनावणी. शेवटी १५ नोव्हेंबरपासून सगळ्या पॉलिसींची देणी, आर्थिक मालमत्तेसकट, रिलायन्स जनरल या विमा कंपनीकडे सोपवायला लावली. क्लेम आता तिने द्यायचे.

मला हे पटलं. खटकतं ते वेगळंच. नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांचं प्रमाणही दीडशेखाली गेलं, पण त्यांचं दुकान चालूच राहिलं. २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्राने त्यांत १७,४५० कोटी रुपये घातले. मालक सरकार असलं की दीडशेला फार कडक धरत नाहीत.

संध्याकाळी काकूंकडे गेले. दर तिमाहीला कंपन्या हा आकडा वेबसाइटवर टाकतात. त्यांच्या कंपनीचा मोबाइलवर काढून दाखवला. दीडशेच्या बराच वर होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ते असू दे. मोतीबिंदूचं कॅशलेस होईल ना?”